तांबड्या दगडातली पांढरी रेघ

‘काळ्या दगडावरची रेघ’ हा वाक्प्रचार मराठीने सह्याद्रीच्या मांडीवर बसून घडवला आहे. ज्या मुलखात घराचा पाया काळा, देवळाचा चौथरा काळा, पाटा काळा, वरवंटा काळा आणि जात्याच्या दोन्ही तळ्याही काळ्या, त्या मुलखातल्या माणसाला कायमची गोष्ट सांगावयाची झाली म्हणजे तो काळ्या दगडाकडेच बोट दाखवणार! मराठी भाषा जर जोधपूर-धोलपूरकडे जन्माला आली असती, तर हीच रेघ तांबड्या दगडावर उमटली असती. मात्र तिथल्या पुष्कळशा दगडांवर ती साध्या खिळ्यानेही ओढता आली असती, आणि मग त्या वाक्प्रचाराचा दरारा थोडा कमी झाला असता.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची रीत ठाऊक आहे. एखादा शब्द घ्यावयाचा, त्याचे आजोळ-माहेर विचारावयाचे, आणि पान भरले की त्याला निरोप द्यावयाचा. दिवाळीनिमित्त संपादकांनी पाने वाढवून दिली आहेत. तेव्हा या खेपेस शब्दाबरोबर वस्तूही हाती घेतो. वस्तू म्हणजे एक दगड. निमित्त एका वाचकाच्या पत्राचे.

पत्र आले पेण तालुक्यातल्या जोहे गावाहून. जोहे आणि शेजारचे हमरापूर ही नावे गणपती आणणाऱ्या घरांना नवी नाहीत. तिथे घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. ओटीवर, पडवीत, माळ्यावर, जिथे हात पुरेल तिथे मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. पत्रलेखक मूर्तिकार आहेत. “स. न. वि. वि.” झाल्यावर त्यांनी लिहिले होते, की त्यांचा धाकटा मुलगा कारखान्यात न रमता लादी-फरशीच्या कामावर जातो. अलिबागेकडे बंगल्यांची कामे जोरात आहेत. तिथे राजस्थानी तांबडा दगड पायऱ्यांना आणि अंगणाला बसवतात. अशाच एका लादीचा उरलेला तुकडा मुलाने घरी आणला. दगड तांबूस, आणि त्याच्यातून आरपार गेलेली एक पांढरी रेघ, करंगळीच्या निम्म्या जाडीची. बंगल्याचे मालक म्हणाले, माल तडकलेला आहे, परत न्या. दुकानदार म्हणाला, ही तर शोभा आहे. आणि शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, पांढऱ्या शिरेत सोने असते, तुकडा जपून ठेवा! तिघांपैकी खरे कोणाचे, एवढा पत्राचा प्रश्न. शेवटी एक ओळ सहज लिहावी तशी लिहिली होती: “मुलगा संध्याकाळी घरी येतो तेव्हा रंगाआधीच्या आमच्या मूर्तीसारखा पांढराफटक दिसतो, आम्ही हसतो.”

मी पडलो मराठीचा शिक्षक. दगडाला मी फार तर पाषाण म्हणू शकतो, शिळा म्हणू शकतो, फत्तर म्हणू शकतो. त्याची जात सांगणे माझ्या अधिकारातले नव्हे. आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक माझे मित्र आहेत. त्यांना पत्र दाखवले तर ते म्हणाले, “पत्रावरून रोगाचे निदान करीत नाहीत. दगड बघू या.” पितृपक्षातल्या एका रविवारी आम्ही दोघे जोह्याला गेलो. गणपती नुकतेच गेले होते. कारखान्यात शुकशुकाट होता. वहिनींनी चहा आणला आणि घरच्या सगळ्यांसमोर दगडाची तपासणी सुरू झाली. त्या तपासणीत जे जे झाले ते कोणालाही आपल्या ओटीवर बसून करता येईल, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न, हा दगड कोणता? कोकणातल्या माणसाला तांबडा दगड म्हटला की जांभा आठवतो. पण जांभ्याच्या अंगावर मुंग्यांच्या वारुळासारखी भोके असतात, आणि त्याचा चिरा खाणीतून ओला निघतो तेव्हा कुऱ्हाडीनेही तासता येतो. या तुकड्याला भोके नव्हती. मित्राने खिशातून भिंग काढले आणि मूर्तिकारांच्या हाती दिले. “काय दिसते?” “साखर,” ते म्हणाले. खरोखरच, बारीक साखरेचे दाणे एकमेकांना चिकटवून वडी थापावी तसा तो दगड दिसत होता. शास्त्रात २ मिलिमीटरपासून साधारण १ मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्यापर्यंतच्या कणांना वाळू म्हणतात. अशी वाळू नदीच्या पात्रात, समुद्राच्या काठी किंवा वाळवंटात साठते. तिच्यावर आणखी थर चढतात. आणि जमिनीतले पाणी त्या कणांच्या मधल्या फटींत कधी सिलिका, कधी चुना, कधी लोखंडाचा गंज आणून भरते. त्या गाऱ्याने कण सांधले जातात. हाच वाळूचा दगड. पाठ्यपुस्तकातले त्याचे नाव वालुकाश्म. तांबडेपण येते ते लोखंडाच्या गंजाचे. दिल्लीचा लाल किल्ला नि फत्तेपूर सिक्री याच जातीच्या दगडाने लाल झाली आहेत.

दुसरी खूण पाण्याची. दगडावर पाण्याचा थेंब सोडला तर वाळूचा दगड पुष्कळदा तो हळूहळू पिऊन टाकतो. आपला काळा फत्तर तसा पीत नाही. तिसरी खूण थरांची. लादीच्या कडेकडे पाहिले की वहीच्या पानांसारख्या फिकट-गडद ओळी दिसतात. त्या त्या काळी साठलेल्या वाळूच्या घड्या होत.

मग प्रश्न आला रेघेचा. मित्र म्हणाले, “तांबड्या वालुकाश्मात पांढरी रेघ दिसली की संशयित चार. एक, मुळातच पांढऱ्या वाळूचा थर. दोन, पाण्याने लोखंड धुऊन नेल्याने फिकट पडलेला पट्टा. तीन, चुन्याची शीर. चार, गारगोटीची शीर.” यापुढचे काम फौजदारासारखे होते.

पहिल्या दोन संशयितांना भिंगानेच सोडून दिले. रेघ जर थराची असती, तर ती इतर थरांना समांतर गेली असती. ही तर त्यांना तिरकी छेदून गेली होती. आणि रेघ जर फिकट पडलेल्या पट्ट्याची असती, तर तिच्यातही साखरेचे तेच दाणे दिसले असते, फक्त रंगाशिवाय. शिवाय तिच्या कडा पाण्यात शाई मिसळावी तशा पुसट असत्या. इथे कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या आणि रेघेच्या आत दाणे नव्हते; दुधी काचेसारखा एकसंध पदार्थ होता.

उरले दोघे. वहिनींकडून लिंबू मागितले. चुन्याच्या शिरेवर, म्हणजे कॅल्साइटवर, आम्ल पडले की ती फसफसते. लिंबापेक्षा व्हिनेगर किंवा प्रयोगशाळेतले पातळ आम्ल चांगले. पण शीर थोडी खरवडून तिच्या भुकटीवर लिंबू पिळले तरी बारीक बुडबुडे दिसतात. आमची रेघ स्वस्थ राहिली. मग लोखंडी खिळ्याने रेघेवर ओरखडा काढला. राखाडी चमकदार रेषा उमटली, तशी मुलगा म्हणाला, “ओरखडा पडला की!” मित्राने ओल्या बोटाने ती रेषा घासून पुसली. दगडाला ओरखडा गेलाच नव्हता. खिळाच झिजून त्याचे लोखंड दगडाला लागले होते. शेवटी रेघेची एक कपची बाटलीच्या काचेवर ओढली. काचेवर चरा उमटला.

१८१२ साली फ्रीड्रिख मोज या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने खनिजांना कठीणपणाचे क्रमांक दिले. शंखजिरे १, हिरा १०. त्या उतरंडीत आपले नख सुमारे अडीच, कॅल्साइट ३, काच आणि सुरी साडेपाचाच्या आसपास, आणि गारगोटी ७. म्हणजे सुरी कॅल्साइटला कापते, आणि गारगोटी सुरीला हार जात नाही. एक सावधगिरी मात्र ठेवावी. वाळूच्या दगडाचे कणही बहुधा गारगोटीचेच असतात, तेव्हा दगडाचा तांबडा भागही काचेवर चरा पाडतो. म्हणून नेमकी शिरेचीच कपची घ्यावी. ती फुटते कशी हेही पाहावे. कॅल्साइट तिरप्या चौकोनी, सपाट तुकड्यांत फुटतो. फेल्डस्पार नावाचे खनिजही कठीण असते, पण तेही सपाट पृष्ठांवरच तुटते. गारगोटी फुटते जाड बाटलीच्या काचेसारखी, वाटोळ्या, शिंपल्यासारख्या वळणांनी. आमच्या कपचीवर ती वळणे होती. निकाल लागला. दगड वालुकाश्म, शीर गारगोटीची.

आता शब्दाकडे वळल्याशिवाय मला राहवत नाही. मराठीत ‘गार’ म्हणजे वळवाच्या पावसात पडणारा बर्फाचा खडा. ‘गार’ म्हणजे पांढरा कठीण दगड. आणि ‘गार’ म्हणजे थंड. ज्याने प्रथम ओढ्यातला शुभ्र खडा उचलून त्याला गार म्हटले असेल, त्याच्या डोळ्यांपुढे अंगणात पडलेली गार असणार. मौज अशी, की हजारो मैलांवरच्या ग्रीकांनी हेच केले. त्यांच्या भाषेत बर्फाला जो शब्द होता तोच त्यांनी स्वच्छ गारगोटीला दिला, आणि त्यातूनच युरोपीय भाषांतला ‘क्रिस्टल’ आला. प्लिनी या रोमन पंडिताने तर हा दगड म्हणजे अतोनात गोठलेला बर्फच, असे मानले होते. आपल्याकडे शास्त्रीपंडितांनी त्यालाच स्फटिक म्हटले आणि त्याच्या माळा केल्या. लोकांनी त्याला गारगोटी म्हटले आणि चकमक झाडून चूल पेटवली. कोल्हापूर जिल्ह्यातले एक गाव तर हेच नाव धारण करून बसले आहे. लहानपणी ज्यांनी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या असतील, त्यांना तो पिवळसर उजेड आणि तो जळका वास अजून आठवत असेल.

आता ही गार दगडात शिरली कशी? मूर्तिकारांनी विचारले, “वाळूबरोबर वाहत आली का?” नाही. रेघ थरांना छेदून जाते यातच तिचे वय आहे. जे कापले जाते ते आधीचे, जे कापते ते नंतरचे. सासूच्या आधी सून घरात येत नाही. आधी वाळू साठली, मग ती दगड झाली, मग जमिनीच्या हालचालींनी त्या दगडाला तडा गेला. खोलवरच्या गरम पाण्यात सिलिका विरघळलेली असते. कधी ते पाणी दूरवरून येते, तर कधी दाबाखाली वाळूचेच कण एकमेकांना टेकतात तिथे विरघळून शेजारच्या फटीला आपला वाटा देतात. पाणी फटीत शिरले, त्याची उष्णता किंवा त्यावरचा दाब कमी झाला, की सिलिका त्याला पेलवत नाही. ती फटीच्या दोन्ही भिंतींवर स्फटिक होऊन बसू लागते, पाकातली साखर पातेल्याच्या कडेला बसावी तशी. दोन्ही बाजूंनी वाढत येणारे स्फटिक मध्ये भेटले की फट बुजते. भेटले नाहीत तर मध्ये पोकळी राहते आणि तिच्यात सहा पैलूंची, टोकदार गारगोटीची पाती उभी राहतात. दोन शिरा एकमेकींना छेदत असतील, तर जी दुसरीला तोडून पुढे गेली ती धाकटी. दगडाचा इतिहास वाचावयास एवढे व्याकरण पुरते.

म्हणजे मालक आणि दुकानदार दोघेही अर्धे अर्धे खरे निघाले. तडा गेला होता हे खरे. पण तो माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी, आणि निसर्गाने तो बुजवलाही होता. पूर्ण भरलेली शीर हा सहसा दोष नव्हे. फक्त तिच्या मध्ये पोकळी नाही ना, शिरेच्या आणि दगडाच्या सांध्यात नख अडकण्याजोगी फट नाही ना, एवढे पाहावे. गवंडी लादीवर टिचकी मारून ती खणखणीत वाजते की बद्द, हे ऐकतात. ती परीक्षा आजही उत्तम.

आणि सोने? शेजारच्या गृहस्थांच्या बोलण्यालाही बूड होते. कोलारचे सोने गारगोटीच्या शिरांतूनच निघाले. त्या खाणी ३ किलोमीटरहूनही खोल गेल्या आणि २००१ साली बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीची खाणही अशाच शिरांची. आपल्याकडे नागपूर-भंडारा भागातल्या जुन्या खडकांत भूवैज्ञानिकांना सोन्याच्या खुणा सापडल्या आहेत. पण सोने असलेली शीर हजारांत एखादी. बाकीच्या नुसत्याच गारगोट्या. शिरेत पिवळे काही चमकलेच, तर टाचणीने टोचावे. सोने मऊ, ते दबते. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचे पितळी रंगाचे खनिज, ठिसूळ. ते तुटते, आणि कौलाच्या किंवा लादीच्या खडबडीत पाठीवर घासले तर काळपट रेघ उमटवते. आमच्या तुकड्यात यातले काहीही नव्हते. शेजारच्या गृहस्थांची थोडी निराशा झाली.

“आमच्या डोंगरात असा दगड का नाही?” हा प्रश्न मात्र मूर्तिकारांच्या धाकट्याने विचारला. पेणचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. त्या काळ्या बेसाल्टमध्ये गारगोटीचे दाणे मुळात नसतातच म्हटले तरी चालेल. तिथे गारगोटी भेटते ती नंतर भरलेल्या पोकळ्यांत आणि भेगांत, अकीक नि झिओलाइट यांच्या शेजारी. तेव्हा पेण-रोह्याकडे काळ्या दगडात पांढरी शीर दिसली तर तीही लिंबू-खिळ्याने तपासावी. ती गारगोटी असेल, चुना असेल किंवा झिओलाइट असेल. खरा वालुकाश्म पाहावयाचा तर विदर्भात कामठी-चंद्रपूरकडे जावे, किंवा कोकणातच खाली सिंधुदुर्गात. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे-फोंड्याकडची सिलिका वाळू ही लाव्हापेक्षा कितीतरी पट जुन्या कलादगी खडकांची देणगी आहे. बदामीची चालुक्यांची लेणी कोरली आहेत ती याच कुळातल्या वालुकाश्मात.

यावर मित्राने जे सांगितले ते मला फार आवडले. ग्रॅनाइटचा डोंगर ऊन-पावसाने झिजतो तेव्हा त्याच्या दोन मुख्य घटकांची ताटातूट होते. फेल्डस्पार कुजून त्याची चिकणमाती होते. गारगोटी कशालाच दाद देत नाही, तिची वाळू होते. माती हलकी, ती दूर शांत पाण्यात जाऊन बसते; वाळू मध्येच थांबते. जोह्याच्या ओटीवर गुजरातेतून आलेला शाडू आणि राजस्थानातून आलेला हा दगड शेजारी शेजारी पडले होते. चिकणमाती आणि वाळू ही अशी एका घरची दोन भावंडे. एक मऊ, हाताच्या धाकात राहणारे, दुसरे कोणाचे न ऐकणारे.

हे सगळे ऐकून घर खूश झाले होते. तेवढ्यात मित्राने मुलाला विचारले, “हा दगड कापता कसा?” मुलाने कोपऱ्यातले कटर दाखवले. “पाणी मारता?” “नाही सर. पाणी मारले की चिखल होतो, आखलेली खूण पुसते, नि मुकादम ओरडतो. तोंडाला रुमाल बांधतो ना.” मित्र बराच वेळ गप्प राहिले. मग मघाचेच भिंग हातात घेऊन ते म्हणाले, “सकाळपासून आपण एकच गोष्ट सिद्ध करतो आहोत, की हा पदार्थ कशाने झिजत नाही, कशात विरघळत नाही. आता तोच छातीत गेला तर काय होईल?”

वाचकहो, या लेखाचा खरा विषय हा आहे. गारगोटीची धूळ डोळ्यांना जी दिसते ती फारशी घातक नाही. ती नाकात अडते, शिंकेबरोबर बाहेर पडते. घातक असते ती न दिसणारी. मिलिमीटरचे हजार भाग केले तर माणसाचा केस सुमारे सत्तर भाग जाड. आणि फुफ्फुसाच्या तळाशी पोचणारे कण चार-पाच भागांहूनही लहान. रुमालाच्या विणीतून ते सहज जातात. फुफ्फुसातल्या रक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, कण मोकळे होतात, दुसऱ्या पेशी गिळतात. या झगड्यात फुफ्फुसाला वण पडत जातात, आणि वण पडलेला भाग श्वास घेत नाही. हाच सिलिकोसिस. साधारणपणे तो दहा-वीस वर्षांनी दिसतो. धूळ फार असली तर पाच वर्षांतही, आणि क्वचित त्याहूनही लवकर. पडलेला वण भरून येत नाही. अशा फुफ्फुसाला क्षय लवकर गाठतो. आणि कित्येकदा क्षय नसतानाही क्षयाचीच औषधे दिली जातात, कारण ‘काम काय करता’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगकारक म्हणूनही निश्चित केली.

हे नवे नाही. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरच्या ग्रंथात आग्रिकोला या जर्मन पंडिताने कार्पेथियन पर्वतातल्या अशा स्त्रियांचा उल्लेख केला आहे, ज्यांचे एकामागून एक सात नवरे खाणीच्या धुळीने नेले. अमेरिकेत १९३० साली वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून बोगदा खणावयास घेतला. वाटेत लागला तो जवळजवळ शुद्ध सिलिकेचा वालुकाश्म. कामगारांकडून तो कोरडाच खणून घेण्यात आला. शेकडो माणसे गेली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णी मजूर होते. आपल्या शेजारी, गुजरातेत गोध्र्याकडच्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी कामाला गेले आणि छाती भरून घरी परतले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांची कथाही हीच. आणि अकीक म्हणजे तर आपल्याच लाव्हातली गारगोटी. राजस्थानात, जिथून हा तांबडा दगड येतो, तिथल्या सरकारला २०१९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र धोरण आखावे लागले. स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी हल्ली जो कृत्रिम क्वार्ट्झ विकला जातो, त्यात सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांहूनही वर जाऊ शकते. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने त्यावर बंदीच घातली.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ असे आपण वर्गात मुलांना सांगतो. घाव सोसतो दगड, देवपण येते दगडाला. घाव घालणाऱ्याच्या छातीत काय साठते, ते त्या म्हणीने कधी विचारले नाही.

उपाय अवघड नाहीत. दगड ओला करून कापला, पात्यावर पाण्याची धार राहिली, तर धूळ हवेत उडण्याआधीच चिखल होऊन खाली बसते. चिखल आवरता येतो. पाणी शक्यच नसेल तिथे यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडता येते. याच्या जोडीला रुमालाऐवजी चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक धूळ अडवणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मुखवटा हवा. काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे. धुळीचे कपडे घरात झटकू नयेत, कारण घरात लहान मुले असतात. आणि ज्याने काही वर्षे असे काम केले आहे, त्याने डॉक्टरांपुढे बसताच आपण दगड कापतो हे आधी सांगावे आणि छातीचा फोटो काढून घ्यावा.

जोह्याच्या मुलाने फोटो काढण्याचे कबूल केले आहे. पाण्याचे मात्र, तो म्हणाला, त्याच्या हाती नाही. “मालकाने सांगितले तर मुकादम ऐकेल.” त्याच्या वडिलांनी यावर काही म्हटले नाही, ते शाडूचा गोळा उगीचच मळत होते.

मालक म्हणजे कोण, हे निराळे सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास ज्यांच्या घरी लादी बदलते, ओटा नवा होतो, अंगणात फरशी पडते, ते सगळे मालकच. हा अंक वाचणाऱ्यांतही त्यांची संख्या कमी नसावी. आपण लादीचा रंग पाहतो, भाव पाहतो, शीर दिसली तर माल परत करतो. तेव्हा काम ठरवतानाच आणखी दोन गोष्टी बोलून ठेवाव्या. पहिली, दगड पाणी मारूनच कापावयाचा. चिखल झाला तरी चालेल, त्यासाठी एक दिवस जास्त लागला तरी चालेल. दुसरी, कापणाऱ्याच्या मुखवट्याचे पैसे आम्ही वेगळे देऊ. आणि मग काम चालू असताना एकदा तरी स्वतः जाऊन, पाण्याची बादली पात्याशेजारी आहे की नळाखालीच पडून आहे, ते पाहून यावे.